डागवाले आबा

आबांना कशातही डाग दिसायचा. सुरतेच्या लिंबायतमधले आमचे हे शेजारी एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कापड तपासायचे. तुटका धागा, तेलाचा ठिपका, काही म्हणता काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि घरी आले तरी त्या नजरेची ड्यूटी काही संपत नसे. नव्वदीच्या सुरुवातीला मी नवी नवरी म्हणून सुरतेत आले, तेव्हा माझ्या पहिल्याच भाकरीची चिरलेली कड त्यांनी सगळ्यांना दाखवली. मी दोन दिवस धुसफुसत होते.

अशा माणसाने चाळीमागच्या बोळात पांढऱ्या ठिपक्यांचा मनीप्लांट लावला होता. खात्याच्या उंच भिंतीमुळे तिथे ऊन यायचंच नाही. आबा वेल वर चढवत नसत, जमिनीवरच पसरू देत. पेऱ्यापेऱ्याला मुळं धरत तो बाराही महिने बोळ झाकून असायचा. "पानांना रोग लागलाय वाटतं," मी एकदा म्हणाले.

"हाऊ डाग नही पोरी, हाई तेनी जात शे," आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

त्या सावलीत मधूनच एखादा कोंब निव्वळ हिरवा फुटे आणि जोमाने वाढून ठिपकेवाल्या पानांवर कुरघोडी करी. म्हणून आबा रोज सकाळी हिरवे कोंब खुडायचे. जगात तेवढ्या एका ठिकाणी ते बिनडागी माल नापास करत.

एका पावसाळ्यानंतर बोळात हिरवे कोंब तसेच राहू लागले. आबा रोज बसायचे, पानं डोळ्यांजवळ न्यायचे, आणि हिरवं सोडून ठिपक्यांचं खुडायचे. डोळे गेले तर त्यांचं कामही जाणार होतं. मी कोणाजवळ बोलले नाही. ते उठायच्या आत मीच बोळात जाऊन हिरवे कोंब मोडून यायचे.

पण कापडाचं मी काय करणार? डागी ताके पास होऊन गेले आणि खात्याने आबांना घरी बसवलं. शिरपूरला लेकीकडे जायला निघाले, त्या सकाळी त्यांनी मला बोळात बोलावलं.

"तू रोज हिरवं मोडस. माले समजनं व्हतं."

"कसं समजलं, आबा?"

त्यांनी माझं बोट एका उरलेल्या खुंटावर ठेवलं. "अर्धवट मोडस. याले परत कोंब फुटी. गाठवर नख लाव."

माझा अंगठा धरून त्यांनी पेऱ्याशी टेकवला. मला रडू आवरेना, तरी मी नख लावलं. आबांनी ती जागा दोन बोटांनी सावकाश चाचपली.

"पास," म्हणाले.