खिचडीचं माहेर

सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या आमच्या ऑफिसला अमेरिकेतल्या मुख्यालयाचं फर्मान आलं: स्पॅनिश बोलणाऱ्यांचा वारसा साजरा करा, देशाच्या जडणघडणीत त्यांनी काय दिलं ते आठवा. कुठल्या देशाच्या, ते लिहिलं नव्हतं. आमच्याकडे असा वारसा एकटीकडेच होता. पेरू देशातून आलेली, माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण.

माझे नवरात्राचे उपास चालू होते. पुण्याहून मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी डबा हातात देताना बजावलं, "त्या पार्टीतलं काही तोंडात घालू नकोस. परदेशी खाऊन उपास मोडायचा."

पार्टीत सगळे विकतचे टाको खात होते आणि मी कोपऱ्यात साबुदाण्याची खिचडी. मैत्रीण डब्यात डोकावली आणि हसायलाच लागली. बटाटा आमच्याकडचा, म्हणाली. शेंगदाणे आणि मिरचीसुद्धा. साबुदाणा ज्या कंदाचा करतात, तो कंदही आमच्याच खंडातून जगभर गेला. मग यात तुमचं काय?

मी बराच वेळ डबा उकरला. जिरं सापडलं.

संध्याकाळी सासूबाईंनी खिचडीचा घास उचलला, तेव्हाच मी ही बातमी दिली. मुद्दामच. घास हवेत थांबला. आता ताट सरकवणार, असं वाटलं. पण त्यांनी तो शांतपणे खाल्ला आणि विचारलं, "तिला दिलीस का थोडी?"

"नाही."

"शोभतं का हे? सगळं तिच्या माहेरचं, आणि खाल्लंस तू एकटीनं. उद्या तिच्यासाठी डबा ने." मग आणखी एक घास घेऊन म्हणाल्या, "आणि सांग तिला, जिरं आमच्याकडून."