'स्वाधीन'ची दुसरी वेलांटी

माझा मामा मुद्रितशोधक, म्हणजे छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका काढणारा. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही तो हातात पेन घेऊनच वाचायचा. नात्यात त्याला सगळे 'वेलांटी' म्हणत.

त्यानं स्वतः एकच पुस्तक लिहिलं. त्याची मुलगी आजारी होती, तेव्हा उशाशी बसून तिला सांगितलेल्या गोष्टी. ती गेली, गोष्टी राहिल्या. ज्यांच्याकडे तो नोकरीला होता, त्याच प्रकाशकांनी त्या छापायचं ठरवलं. करारनामा समोर आल्यावर या शहाण्यानं काय करावं? 'सर्व हक्क कायमचे प्रकाशकाच्या स्वाधिन' या ओळीतली पहिली वेलांटी खोडून दुसरी दिली, समाधानानं मान हलवली आणि खाली सही ठोकली. शब्द तपासला, अर्थ वाचलाच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आवृत्ती संपून आता वर्षं लोटली. मामाजवळच्या शेवटच्या प्रतीचं पान उलटायचीही भीती वाटते. दुसरा एक प्रकाशक छापायला तयार झाला, पण हक्क जुन्याकडे. तिथे आता मालकांचा मुलगा बसतो. मामा त्याच्यापुढे हात जोडून उभा राहिला. मला बघवेना.

"काका, आम्ही नाही छापणार. असली पुस्तकं खपत नाहीत."

"मग मला परत दे ना रे."

"हक्क असे कुणी सोडतं का?"

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! मी टेबलावर हात आपटला, तर मामानं मलाच गप्प केलं.

आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी करारनामा दोनदा वाचला.

"सही तुमची, दुरुस्तीही तुमच्याच अक्षरात. न वाचता सही केली, असं म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नाहीत तुम्ही."

"मग कधीच नाही?" मामानं विचारलं.

"कायद्यानं हक्काला मुदत असते. लेखक गेल्यावर साठ वर्षं. मग कुणीही छापावं."

मामा बोटांवर काहीतरी मोजत राहिला. "म्हणजे मी जितका लवकर जाईन, तितकं ते लवकर सुटेल?"

वकील हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

परतताना मी औषधांच्या दुकानाशी थांबले. मामाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. त्यानं माझी बाही धरली.

"नको घेऊस. पुस्तकाला उशीर होतो."

मी गोळ्या घेतल्या आणि भर रस्त्यात त्याच्यावर ओरडले. रडू मलाच आलं. पाकीट त्याच्या हातात कोंबलं. त्यावर दुकानदारानं लिहिलं होतं, 'सकाळी एक गोळि'. पहिली वेलांटी. मामानं ती पाहिली, पण खिशातलं पेन काढलं नाही.