पाणी शिरू न देणारा माणूस

माझ्या पापाला वास येत नाही. फायबरच्या होड्या बनवणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच होतं. थर चिकटवायच्या रेझिनच्या वासाने आधी डोकं दुखतं, मग सवय होते, मग एक दिवस तळलेला बांगडासुद्धा नाकाला कळत नाही. पापाचं नाक माझ्या जन्माआधीच गेलं. मी नववीत शाळा सोडून त्याच्या शेडमध्ये आले, आता माझंही निम्मं गेलंय. हे आधीच सांगते, कारण मालवणच्या बाजारात लोक भलतंच बोलतात. म्हणे एडवर्ड म्हातारा झाला, त्याला कळत नव्हतं तर गाडीला हात कशाला लावला.

पापाला कळतं. धामापूरच्या वाटेवर आमची शेड आहे. होडी तयार झाली की पापा ती लगेच देत नाही. ओंडक्यांवर चढवून आत काठोकाठ पाणी भरतो आणि बाहेरून सुका चुना चोळून ठेवतो. दुसऱ्या दिवशी चुना कुठे ओला दिसला की होडी परत कामाला. मालक कितीही बोंबलला तरी देत नाही. त्याची होडी घेऊन गेलेला कोणी अजून बुडालेला नाही. हे तो स्वतः कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

आमच्याकडे गाडी आणली ती देवेशने. कोल्हापूरची छोटी कंपनी, हा तिचा इंजिनिअर. त्यांना अशी गाडी करायची होती जी रविवारी रेसच्या ट्रॅकवर पळेल आणि सोमवारी नंबरप्लेट लावून रस्त्यावरून पेट्रोल भरायला जाईल. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, इंजिन आणि सीटच्या मध्ये टाकी. बॉडी फायबरची, म्हणून पापाकडे आले. छप्पर नव्हतं, पण कायद्याप्रमाणे हॉर्न पाहिजे, इंडिकेटर पाहिजे, वायपर पाहिजे. पापाने वायपर बघितला आणि देवेशला विचारलं, पावसात काच पुसून झाली की माणसाला कोण पुसणार.

सगळं भांडण वजनाचं होतं. पापाचा हात लाटेच्या हिशोबाने चालतो, एक थर जास्तच पडतो. देवेश प्रत्येक पार्ट काट्यावर ठेवायचा आणि तोंड वाकडं करायचा. दरवाजे परत केले, पुढचं नाक परत केलं. पापा चिडायचा, पण करायचा, कारण गाडी चालवणार होता माझा भाऊ ब्रॅंडन. तो कोल्हापूरच्या ट्रॅकवर चालवायला शिकला आणि कंपनीने त्यालाच टेस्टला ठेवला. पापा माझ्याशी कमी बोलायला लागला. पातळ केलेल्या प्रत्येक पार्टावर बोटाने टकटक करून ऐकायचा आणि मान हलवायचा.

शेवटचा पार्ट म्हणजे खालचं अख्खं ताट, ज्यात सीट आणि टाकी बसते. पापाने काय करावं? ओंडक्यांवर चढवलं, पाणी भरलं, चुना चोळला. पाणी टाकीच्या जागेखालच्या दोन भोकांतून धो धो खाली आलं. भोकं देवेशच्या ड्रॉइंगमध्येच होती. पापाने ड्रॉइंग बघितलं, भोकं बघितली.

मी म्हटलं, "पापा, ती ठेवूक सांगल्यानी आसत."

"भोक ता भोकच," पापा म्हणाला. "जुलैत रस्त्यार गुडघोभर पाणी आसता. ही गाडी जमिनीक चिकटान चलता. जातला खंय पाणी? माझ्या झिलाच्या बुडाखाली."

त्याने स्वतःच्या हाताने ती बुजवली. इतकं साफ काम, की वरून टाकी बसल्यावर देवेशलासुद्धा दिसलं नाही.

टेस्ट व्हायची सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट माळावर, जुन्या चिरेखाणीत. चिरा काढून काढून तिथे लाल फरशीसारखा सपाट तळ झालाय, आजूबाजूला कापलेल्या भिंती. तिथे गाडीचा आवाज भिंतींवर आपटून परत यायचा, वाटायचं दुसरी गाडी तिच्या मागे लागलीय. ब्रॅंडन खूश होता. देवेश मात्र कुरकुरत होता, गाडी पेट्रोल जास्त पिते म्हणून. त्याने इंजिनचं सेटिंग बदललं, परत बदललं, तरी पेट्रोल जायचंच. कॅनने भरताना थोडं सांडायचं, त्यामुळे तिथे वास नेहमीचाच. गाडी रात्री आमच्या शेडमध्ये यायची. एका सकाळी गाडीखाली मुंगळे मरून पडलेले दिसले. मी झाडून टाकले. शेडमध्ये रेझिन सांडतं, मुंगळे मरतात.

ड्रायव्हरचा आग न लागणारा सूट यायचा होता. कुरियरमध्ये अडकलेला. ब्रॅंडन तोपर्यंत साध्या शर्टावर चालवत होता. मम्मी त्याला जेवताना म्हणाली, तुझ्या अंगाक पेट्रोलचो वास येता. तो म्हणाला, "पेट्रोलची गाडी आसा गो मम्मी, गुलाबाचो येतलो?" आम्ही हसलो. पापासुद्धा हसला.

गाडी सरकारी तपासणीला जायच्या आदल्या दिवशी ब्रॅंडन सकाळीच खाणीवर गेला, शेवटची एकदा जोरात पळवायला. मम्मी विहिरीवर कपडे धूत होती. तिने त्याचा कालचा शर्ट उचलून नाकाला लावला आणि शेडच्या दारात आली.

"एडी, ह्यो वास फुडच्यान नाय. पाठीकच आसा. पाठ सगळी भिजलेली हुती."

पापाने शर्ट नाकाला लावला. त्याला काय कळणार? त्याने मला दिला. पाठीच्या बाजूने पेट्रोल माझ्या निम्म्या नाकातसुद्धा घुसलं. पापा ताट ठेवलेल्या रिकाम्या ओंडक्यांकडे बघत राहिला. तिथे सांडलेला चुना अजून पांढरा होता.

"स्कूटर काढ," तो म्हणाला.

देवेशला फोन लावत होते, सड्यावर रेंज नाही. मी स्कूटर जितकी पिळता येईल तितकी पिळली. पापा मागे माझा खांदा धरून बसला होता. वर पोचलो तेव्हा इंजिनचा आवाज भिंतींवर आपटत होता. पापा उतरला तो थेट वळणावर मधोमध जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पसरून. ब्रॅंडनने ब्रेक मारला. गाडी पापाच्या गुडघ्यांसमोर थांबली.

"उतर. कशाक हात लाव नको. उतर."

ब्रॅंडन शिव्या देत उतरला. त्याची पाठ ओली होती. देवेश धावत येत होता, काय झालं विचारत. पापाने त्याला सरळ सांगितलं, "साहेब, तुमची भोकं मी बुजवली." देवेश जागीच थांबला. मग त्याने सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. पापा उलटा गाडीकडे निघाला, मेन स्विच बंद करायला. ब्रॅंडनने त्याचा शर्ट धरून ठेवला. ओढाओढी चालू असतानाच सीटमागे भप्प झालं.

फायबर कसं जळतं ते मला माहीत होतं, पण अख्खी गाडी जळताना बघितली नव्हती. धूर इतका काळा की समोरची भिंत गेली. आमचं सगळं काम जळून काळ्या पापुद्र्यांनी लाल चिऱ्यावर पडत होतं. पापाने ब्रॅंडनची पाठ चाचपली, परत परत, ओली जागा हाताने पुसत राहिला.

नंतर देवेशने उलगडून सांगितलं. टाकीचा जोड थरथरून सैल झालेला, गळती बारीक होती. भोकं असती तर पेट्रोल खाली पडून उडून गेलं असतं. ते आत साठत गेलं आणि प्रत्येक वळणावर उसळून सीटमागे येत राहिलं. त्याने ताट बसवण्याआधी बघितलं नाही हेही त्याने कबूल केलं. मला तो तेव्हापासून बरा वाटतो.

दुसरी गाडी पापानेच केली. तीही ब्रॅंडनच चालवणार होता, म्हणून पापा हटून बसला. भोकं पापाने स्वतः पाडली, पाणी ओतून ते खाली पडतंय हे बघितलं. भोकातून पाणी जाताना त्याचा चेहरा मला बघवला नाही.

परवा ती गाडी खाणीत उतरवली. सुरू करायच्या आधी मम्मीला स्कूटरवरून वर आणली. ती पदर सावरत वाकली, सीटमागे नाक घातलं. एकदा हुंगलं. मग दुसऱ्या बाजूने गेली, तिथे हुंगलं. परत पहिल्या बाजूला आली आणि वाकलेलीच राहिली. देवेश काही बोलणार होता, पापाने हाताने थांबवला.

ब्रॅंडन हेल्मेट काखेत धरून उभा होता. पापा गाडीकडे बघतच नव्हता. तो मम्मीच्या तोंडाकडे बघत होता, चुन्याकडे बघतो तसा.

"काढ," मम्मी वर होत म्हणाली. "टाकी काढून बघ."

पापाने पाना उचलला.