शैलाताईंचा देशी डाव

शैलाताईंच्या बुद्धिबळाच्या वर्गात हरलेल्याला बिस्किट मिळायचं आणि जिंकलेल्याला काम. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडजवळ एका लायब्ररीच्या मागच्या खोलीत दर शनिवारी हा वर्ग भरायचा. जिंकलेल्यानं पट पुन्हा मांडायचा, डाव पहिल्यापासून सगळ्यांना खेळून दाखवायचा आणि कुठली खेळी का केली ते सांगायचं. मुलं कुरकुरली की शैलाताई म्हणायच्या, "जिंकलास ते सगळ्यांना दिसलं. कसा जिंकलास ते तुला तरी कळलंय का, बघू दे."

त्या मूळच्या सांगलीच्या. मिरजेला नर्सिंग शिकल्या, सत्तर सालच्या सुमारास इथल्या हॉस्पिटलात मिडवाइफ म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "रोज बायकांचे हाल बघून धीर झाला नाही." माझी ईशानी त्यांच्याच हातात जन्मली. मी कळा देताना ओरडायला लागले तेव्हा कानाशी येऊन म्हणाल्या होत्या, "हळू गं. तुझा आवाज ऐकून ते बाहेर यायचंच नाही." त्या अवस्थेत मला हसू आलं होतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी हा वर्ग काढला. वडिलांनी लहानपणी शिकवलेला खेळ त्यांच्या बोटांत होता. मुलं क्वीन, नाइट म्हणायची, त्या वजीर आणि घोडाच म्हणायच्या. हळूहळू मुलंही म्हणायला लागली.

मग घरोघरी ब्रॉडबँड आलं आणि लहान क्लबांची एक ऑनलाइन लीग सुरू झाली. आमच्या मुलांनी गुरुवारी संध्याकाळी आपापल्या घरून खेळायचं. पहिल्या पटावर ईशानी. तेरा वर्षांची होती, आणि ओळीनं दोन सामने हरली होती. टीममधला विहान तिला तोंडावर म्हणाला, "तू बिस्किटंच खा." बाकीचे हसले. ती घरी येऊन खोलीचं दार लावून बसली. मी दाराशी घुटमळत राहिले, पण विचारायची हिंमत झाली नाही. या वयात मुलं एकदा गप्प झाली की आपल्याला काय काय सुचायला लागतं.

पुढचा सामना उपांत्य फेरीचा, वॉटफर्डच्या क्लबशी होता. बाकीच्या पटांवर बरोबरी झाली आणि ईशानीच्या डावावर आमची टीम फायनलला गेली. मी त्या रात्री शिरा केला. ईशानीनं दोन घास खाल्ले आणि पोट दुखतंय म्हणून झोपायला गेली.

शनिवारी मी तिला सोडायला गेले आणि थांबले. शैलाताईंनी नेहमीसारखा पट पुढे सरकवला. "चला कॅप्टन, दाखवा."

ईशानी भराभर खेळ्या करत गेली. मग तिनं आपला वजीर उचलला, समोरच्या प्याद्याच्या तोंडी ठेवला आणि थांबली.

"वजीर दिलास?" विहान जवळजवळ टेबलावर चढला. "ब्रिलियंट. का दिलास पण?"

ईशानीचा हात पटावर तसाच. कान लाल. मी शैलाताईंकडे बघितलं. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, पटाकडे बघत होत्या. ही मुलगी वजिराला किती जपते ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. वजीर वाचवायच्या नादात तिनं किती डाव घालवले होते.

"अगं बाई, पावणेबारा झाले की," त्या म्हणाल्या. "लायब्ररीवाले चावी मागायला येतील. आवरा. विहान, खुर्च्या लाव, आणि लाथेनं नको सरकवूस."

पावणेबारा झाले नव्हते. खोली दुपारपर्यंत आमचीच असायची.

जाताना त्या ईशानीला म्हणाल्या, "उद्या घरी ये माझ्या. आईला आण, तिचं तोंड बघ कसं झालंय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात पट आधीच मांडलेला होता. मला त्यांनी मटार सोलायला बसवलं.

"आज देशी खेळायचं," त्या म्हणाल्या. "आमच्या वडिलांचं, अण्णांचं. प्यादं पहिल्या खेळीलासुद्धा एकच घर जातं. राजाला शह बसला नसेल तर एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. प्यादं पार पोचलं तर ज्या घरात पोचेल तिथला मोहरा होतं, दरवेळी वजीर नाही."

"हे कुठल्या साइटवर असतं?" ईशानीनं विचारलं.

"कुठल्याच नाही. अण्णा गेले, आता माझ्याच डोक्यात आहे. खेळ."

ईशानी अडखळत खेळली. पाठ केलेल्या सुरुवाती इथे उपयोगाच्या नव्हत्या. पण थोड्या वेळानं ती पुढे झुकली, जीभ दातांत धरली, लहानपणी धरायची तशी. कितीतरी दिवसांनी मी तिला तशी बघत होते. तिचा वजीर संकटात आला तेव्हा तिनं दोन घोडे घालवले पण वजीर दिला नाही. शेवटी शैलाताईंनी एक साधं प्यादं पुढे केलं आणि राजा कोंडला.

"प्याद्यानं मात. सांगलीत यावरून वर्षभर चिडवतात."

ईशानी हसली. आणि हसता हसताच रडायला लागली. "आजी, मी चीट केलं. गुरुवारी. दुसऱ्या विंडोमध्ये चेसचा प्रोग्रॅम होता. तो सांगेल ते मी खेळत होते."

माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. शैलाताई म्हणाल्या, "माहीत आहे. तू तुझा वजीर सख्ख्या आईलासुद्धा दिला नसतास."

"मग काल का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून."

"मला परत हरायचं नव्हतं. सगळे हसतात."

"आत्ता हरलीस की. काय झालं?"

ईशानीनं नाक पुसलं. मग तिनं विचारलं, "आता मला वर्गातून काढणार?"

"काढलं तर जाशील कुठे? पण वॉटफर्डच्या सरांना फोन तू करायचास. मी शेजारी बसते."

फोन तिथूनच झाला. शैलाताईंनी नंबर फिरवून दिला, बाकी सगळं ईशानीच बोलली. त्यांचा नुसता हात तिच्या पाठीवर होता. फायनल वॉटफर्डची मुलं खेळली. आमच्या मुलांना ईशानीनं शनिवारी स्वतः सांगितलं. टीममधली वरदा तिच्याशी काही आठवडे बोलली नाही. विहान म्हणाला, "वाटलंच, इतकी हुशार नाहीस तू," आणि आपलं अर्धं बिस्किट तिला दिलं.

शैलाताईंचे गुडघे गेले तेव्हा त्या बेसिंगस्टोकला भावाकडे राहायला गेल्या. वर्ग बंद झाला. त्या खोलीत आता पिलाटेसचे व्यायामवर्ग असतात. ईशानी युनिव्हर्सिटीत आहे, आणि तिचा फोन आला नाही की मी अजून जागी राहते. पण रविवारी ती आधी बेसिंगस्टोकला फोन लावते. दोघी आपापल्या घरी पट मांडून देशी डाव खेळतात. मग तिचा मला फोन येतो.

आज उशिरा आला. "आई, आजीनं परत प्याद्यानं मारलं."

"जेवलीस का?" मी विचारलं.

"थांब ना, ऐक आधी." आणि तिनं पहिल्या प्याद्यापासून सांगायला सुरुवात केली. कुठे काय ठरवलं होतं, कुठे घाबरली, वजीर कधी आणि का दिला. मला बुद्धिबळातलं अजून फारसं कळत नाही. मी शेवटपर्यंत ऐकलं.