काळ्यावरची धूळ

चाळिशी उलटलेला माणूस अंगठ्याएवढ्या शिपायांना रंग देत बसतो, हे ऑफिसात सांगायची सोय नाही. मी कधी सांगितलंही नाही. सकाळी हिंजवडीची कॅब यायच्या आधी कासार आंबोलीतल्या भाड्याच्या खोलीत तासभर खिडकीशी बसायचो, तेवढाच काय तो माझा वेळ. उरलेला दिवस कंपनीचा आणि ट्रॅफिकचा.

त्या वर्षी माझ्यापुढे एकच शिपाई होता, काळ्या झग्यातला सेनापती. हे शिपाई टेबलावर मांडून लढाई खेळायची असते. माझ्याशी बारा वर्षं दर रविवारी खेळणारा एकुलता एक मित्र बायकामुलांसकट कायमचा कॅनडाला चालला होता. जाताना त्याला हा सेनापती रंगवून देईन, असं मी कबूल करून बसलो होतो.

काळा रंग म्हणजे डोक्याला ताप. नुसता फासला तर झग्याच्या चुण्या दिसत नाहीत. उजेड दाखवायला पांढरा मिसळावा, तर राख सांडल्यासारखं होतं. तीन आठवडे मी पातळ राखाडीचे थर देत होतो, एकाची कड दुसऱ्यात कळू नये म्हणून. डोळे चुरचुरायचे, मान धरायची. शेवटी वाटलं, जमलं बुवा एकदाचं.

त्याच दिवशी संध्याकाळी परत आलो, तर सेनापती अंगणातल्या कट्ट्यावर सुपात वाळत पडलेला. घट बसायला चार दिवस होते आणि घरमालकीण मावशींनी अख्खं घर धुवायला काढलं होतं. गोधड्या, डबे, पितळ, आणि भाडेकरूची खोलीही त्यांच्या हिशेबी घरातच. सेनापतीला त्यांनी भांड्यांच्या पावडरीनं, जुन्या ब्रशनं घासलं होतं. वरचे थर गेले, खालचा काळा तेवढा उरला.

"त्याच्यावर लई धूळ बसली व्हती, दादा," मावशी म्हणाल्या. "काळ्यावर लगीच दिसती. घासली तवा कुटं गेली."

काय बोलणार, कपाळ! असा संताप आला की बस. पण दिवसभर पाण्यात राहून त्यांचे हात पांढरेफटक पडले होते. आणि खरं सांगायचं तर मी ज्याला उजेड म्हणत होतो, ती धूळच दिसत होती. बरं केलंत, म्हणालो आणि खोलीत जाऊन आडवा झालो.

दोन दिवसांनी बावधनला मित्राच्या घरी गेलो. खोकी बांधून झाली होती, बसायला खुर्चीसुद्धा नव्हती. काळाठिक्कर सेनापती त्याच्या हातात ठेवला आणि घडलेलं सांगितलं. वाटलं होतं हसेल, पण तो हसला नाही. उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

"अर्धवट नको मला. पूर्ण झाला की न्यायला येतो."

सेनापती पूर्ण होऊन आता दीड वर्ष झालं. या खेपेला पांढऱ्याला हातच लावला नाही. काळ्यात फिका निळा मिसळला, ताकाच्या निवळीइतका पातळ केला आणि फक्त चुण्यांच्या माथ्यावर ओढला. इतका सफाईदार झगा माझ्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता. मित्राचा महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो तो एवढंच विचारायला, झाला का म्हणून. मी सांगतो, अजून बराच राहिलाय रे.