गंगाची हाक वासण्यापर्यंत

आमच्या वरच्या मजल्यावरचे तुकोजीराव रोज पहाटे साडेपाचला गच्चीवर येतात आणि बडोद्यातल्या कमाटीबागेच्या दिशेला कान करून उभे राहतात. मला हे ठाऊक आहे, कारण त्या वेळेला मीही तिथे असते. कॅनडात तेव्हा संध्याकाळ असते, माझा मुलगा उत्कर्ष कामावरून सुटून फोन करतो आणि घरात रेंज येत नाही.

तुकोजीरावांनी एकतीस वर्षं कमाटीबागेच्या प्राणिसंग्रहालयात सिंहांची देखभाल केली. पूर्वज संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. "मी पिंजऱ्याचा शिलेदार," असं ते म्हणतात. जुन्या शहरातल्या वाडी भागातल्या घरून पहाटे सायकलने निघायचे आणि फाटकाजवळच्या वळणावर घंटी वाजवायचे. आतून गंगा ओ द्यायची. गंगा म्हणजे सिंहीण. आईने टाकलेलं पिल्लू, यांनीच बाटलीने दूध पाजून वाढवलेलं.

चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. मग पत्नी गेली, वाडीतलं घर सुटलं आणि मुलगी पद्मा त्यांना इथे, शहराच्या दुसऱ्या टोकाला वासण्याला घेऊन आली. सायकल तिथेच कुणाला तरी दिली. घंटी मात्र काढून आणली.

"भेटायला का जात नाही?" मी एकदा विचारलं.

"तिकीट काढून? मी काय पाहुणा आहे, वहिनी? आणि दिवसा ती झोपते. बोलते पहाटे, तेव्हा फाटक बंद."

गंगा आता सोळा वर्षांची. सिंहिणीला हे वय पुष्कळ झालं. तुकोजीरावांचे कानही जात चाललेत. दोघांपैकी कुणाचं आधी संपेल, एवढीच त्यांना धास्ती होती. त्याआधी एकदा तिचा आवाज ऐकायचा होता.

पद्मा चिडायची. "कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, दाराची बेल ऐकू येत नाही. आईची हाक स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीपर्यंत कधी पोचली नाही. आता म्हणे कमाटीबागेतली सिंहीण ऐकणार."

"तुझी आई गरजत नव्हती ना," तुकोजीराव म्हणाले. "तिथेच तिचं चुकलं."

मी बी.एस्सी. आहे हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. "वहिनी, आवाज किती लांब जातो हो?"

मी वाचून सांगितलं. १८८३ मध्ये जावा-सुमात्राच्या मधला ज्वालामुखी फुटला, तेव्हा तो धडाका जवळपास पाच हजार किलोमीटरवरच्या एका बेटावर ऐकू आला. तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला वाटलं, समुद्रात कुठलं तरी जहाज तोफा डागतंय. विजेचा गडगडाट मात्र पंचवीसेक किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही.

"आणि सिंह?"

"शांतता असेल तर आठ किलोमीटर."

"इथून कमाटीबाग?"

नकाशावर मोजलं. सरळ रेषेत पाच.

त्यांनी कमाटीबागेच्या दिशेला मान वळवली. मग म्हणाले, "म्हणजे ती रोज येते इथवर. मध्ये बडोदा आडवं येतं."

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. म्हातारपणी बारीक, उंच आवाज आधी जातात, खर्जातले मागे राहतात. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, तेव्हा वर चढणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. हे सांगताना मला भीतीच वाटत होती. उगाच आशा लावून ठेवायची आणि मग काहीच आलं नाही तर?

पण बडोद्यात अशी शांतता वर्षातून एकदा मिळते, हे त्यांनाच सुचलं. दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, दुकानं बंद असतात आणि निम्मं शहर बाहेरगावी गेलेलं असतं. पाडव्याला पहाटेपर्यंत फटाके चालले. भाऊबिजेलाही काही ऐकू आलं नाही. लाभपाचमेच्या आदल्या पहाटे आम्ही पुन्हा उभे राहिलो. गारवा होता. रस्त्यावर एकही रिक्षा नव्हती. मी फोन बंद करून ठेवला होता, उत्कर्षला मेसेज टाकून, की आज उशिरा बोलू. काळजी करू नकोस, असंही लिहिलं. काळजी तो करत नाही, मीच करते.

पावणेसहाला लांबून काहीतरी घुमलं. मला आधी ट्रक वाटला. तुकोजीरावांनी हात वर केला. पुन्हा घुमलं आणि त्यामागून आखडत जाणारे हुंकार, एकामागे एक. ट्रक असा थांबत नाही. तुकोजीराव बोटं मिटून हुंकार मोजत होते, आणि प्रत्येक बोट मला ऐकू येणाऱ्या हुंकाराबरोबरच मिटत होतं.

"गंगाच," ते म्हणाले. "शेवटचे दोन ती अशीच गिळते."

त्यांनी कोटाच्या खिशातून सायकलची घंटी काढली, डाव्या तळहातावर धरली आणि अंगठ्याने खटका दाबला. ट्रिंग ट्रिंग. तो आवाज आमच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडेही गेला नसेल.

ते माझ्याकडे वळले. त्यांना स्वतःला तो ऐकूच आला नव्हता.

"वाजली ना, वहिनी?"

"वाजली," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा एकदा वाजवली.