पळसाचं लपण

मी सात वर्षांची असताना बाबानं मला एकदाच लपणात नेलं होतं. लपण म्हणजे बोडीच्या, शेतातल्या लहान तळ्याच्या, पाळीवर केलेला पाल्याचा आडोसा. आत दडून बसायचं आणि पाण्यावर येणाऱ्या जनावराची वाट पाहायची. बाबाजवळ तेव्हा ठासणीची भरमार बंदूक होती, धान उकरणाऱ्या रानडुकरांसाठी. त्या दिवशी डुकरीण आली, मागून तिची पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं आली, आणि मी ओरडले, "बाबा, पिल्लं पाह्य ना, पिल्लं!" झालं! काठावर नुसता चिखल उरला. बाबा रागावला असता तर परवडलं असतं. घरी येताना तो शांतपणे एवढंच म्हणाला, "पोरी, तुले घरीच ठेवलेलं बरं." आणि पुढं खरंच घरीच ठेवलं.

याला तीस-बत्तीस वर्षं झाली. बंदूक कधीच ठाण्यात जमा झाली, शिकार सुटली आणि तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं बाबाचे डोळेही गेले. ते वाक्य मात्र माझ्या मनातून गेलं नाही. म्हणून यंदा मे महिन्यात बाबा माझ्या सहा वर्षांच्या लेकीला म्हणाला, "चाल, तुले चितळं दाखवतो," तेव्हा मी हातातलं काम टाकून पुढं झाले. माझी लेक म्हणजे पोपट, झोपेतही बोलते. ती बोलणार, चितळं पळणार आणि बाबा तेच वाक्य तिलाही ऐकवणार. ते मी काही होऊ देणार नव्हते.

"बाबा, तुले दिसत नाई, तू काय दाखवशीन?" मी फाडकन बोलले.

"पोरगी पाहीन, मी ऐकीन. तू फक्त लपण कर. पण चांगलं कर, मोबाईल पाहात करू नको."

आता करायचं म्हणजे कसलं करायचं? आमच्या शेतात माळा आहे, पण बारा फुटांवर बाबाचे गुडघे चढेनात आणि लेक तिथं एक मिनिट पाय खाली न सोडता बसेना. खड्डा खणून वर फांद्या टाकतात, तोही प्रकार आहे. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आमच्याआधी विंचू बसतात. नवऱ्यानं ऑनलाइन पाहून कापडी तंबू मागवला, पानांची चित्रं छापलेला. अंगणात उभा केला तर लेकीनं त्याची चेन वीस वेळा वर-खाली केली, चर्र चर्र. बाबा आत जाऊन बसला, दोनदा वास घेतला आणि घामाघूम होऊन बाहेर आला. "याच्यात मीच शिजून राह्यलो. जनावराले हा वास कोसावरून येईन," म्हणाला. तंबूत आता कोंबड्या राहतात.

शेवटी पाल्याचंच ठरलं. बाबानं पाळीवर जागा निवडली ती पायांनी. वारा गालावर घेत तो दहा पावलं इकडं, चार तिकडं चालला आणि काठी रोवली. चार खुंट, वर आडव्या काड्या आणि पाला पळसाचा, दुसरा नाही. "पळसाले जनावर तोंड लावत नाई," म्हणाला. मग लेकीला आत बसवून त्यानं तिच्या डोळ्यांवर तळहात धरला आणि तो तसाच सरळ भिंतीला टेकवला. "इथी भोक कर," मला म्हणाला. मी तोवर माझ्या उंचीवर मोठं भोक करून ठेवलं होतं. त्यातून लेकीला फक्त आभाळ दिसलं असतं. मी गुपचूप ते बुजवलं.

लेकीची शाळाही त्यानंच घेतली. अंगणात तांदळाचे दाणे टाकायचे, मांडी घालून बसायचं आणि कोंबडी पायाजवळ येऊन टिपेपर्यंत हू की चू करायचं नाही. तोंडात गुळाचा खडा. तो विरघळेपर्यंत गप्प राहिलं की दुसरा. चितळ दिसलं तर बोलायचं नाही, आबाजीचा, म्हणजे बाबाचा, हात दाबायचा. एक चितळ, एकदा. लेक आठ दिवसांत तयार झाली. मी मात्र स्वयंपाकघरातून पाहात चरफडत होते. मला कुणी गूळ दिला होता का तेव्हा?

जायच्या दिवशी पाहते तर उन्हानं पळसाची पानं आकसून भिंतीला खालून भगदाडं पडलेली. वेळ कुठं होता? पाळीवरच्या बांबूचे हिरवेगार फाटे तोडले आणि खाली खोचून दिले. छान दिसत होतं. बाबाला सांगितलं नाही, म्हटलं, त्याला काय कळतंय!

आमचं गाव वाघाचं. वनखात्याच्या बीट गार्डला सकाळीच विचारून घेतलं होतं. तो म्हणाला, वाघ चार दिवसांपासून नदीपार आहे. तरी नवरा माळ्यावर फटाके आणि मोबाईल घेऊन जंगलाकडं तोंड करून बसला. आम्ही तिघं चारच्या सुमारास आत शिरलो. भोकाशी लेक, तिला टेकून बाबा, मागं मी. खरं तर लेकीचं तोंड दाबायला एक हात तयार ठेवून.

तासभर काही नाही. मग लेकीनं बाबाचा हात दाबला. एकदा. पुन्हा एकदा. मी तिच्या डोक्यावरून पाहिलं. पलीकडच्या मोहाखालून चितळं उतरत होती. पुढं एक म्हातारी मादी, एक पाय उचलून थांबलेली. मागं पिल्लं, मग शिंगवाला नर. उतरत्या उन्हात त्यांचे ठिपके असे उजळले होते की लेकीच्या तोंडासाठी तयार ठेवलेला हात मी खाली घेतला. जन्मापासून चितळं पाहतेय मी, धानात, रस्त्यावर, मोटारसायकलपुढं. पण आपण आहोत हे ज्यांना ठाऊकच नाही, अशी चितळं मी कधी पाहिली नव्हती. लेक हात दाबत होती, दाबत होती आणि बाबाचे ओठ मोजत होते. सतरापर्यंत मोजलं. मग लेकीनं दाबणं सोडलं आणि त्याचा हात नुसता घट्ट धरून ठेवला.

कारण पाणी पिऊन ती म्हातारी मादी सरळ आमच्याकडंच येत होती. मला वाटलं वास लागला. कसला वास! मे महिन्यात सगळं रान करपलेलं आणि मी मूर्खानं तिच्यासमोर हिरवागार बांबू मांडून ठेवला होता. ती आली आणि आमची भिंत खाऊ लागली.

करकर आवाज हातभर अंतरावर. फटीतून तिचं ओलं काळं नाक आत आलं. कानावर गोचीड होती, तीही दिसली. पापण्या केवढ्या लांब! लेक दगडासारखी बसलेली, गालात गूळ तसाच. मादीनं एक फाटा ओढला तशी अख्खी भिंत लेकीकडं झुकली. बाबानं आवाजावरून हात पुढं केला आणि तो फाटा धरला. बाहेरून तिनं ओढला. आतून बाबानं. ती झटका देई, बाबाचा हात खांद्यापर्यंत हाले, तो सोडत नव्हता. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहात होतं आणि तो हसत होता. माझ्या बापाचा असा चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"अगं माय गं!" कुणीतरी ओरडलं.

ती मीच होते.

कुक् कुक् करत सगळा कळप उधळला. पाणी उडालं, धूळ उडाली आणि क्षणात काठावर चिखल उरला. अगदी तसाच.

"आई! तू बोललीस!" लेक इतक्या तुच्छतेनं म्हणाली की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी खाली मान घालून बसले, सात वर्षांची होऊन, आणि त्या वाक्याची वाट पाहू लागले.

बाबाच्या हातात अर्धा खाल्लेला फाटा होता. तिच्या लाळेनं ओला झालेला. तो त्यावरून बोटं फिरवत होता.

"केवढा जोर असते ना तिच्यात," तो हळूच म्हणाला. "जनम गेला लपणात, पण माह्या हाती जनावर आलं ते मेल्यावरच. जितं आज आलं." मग फाटा हुंगून म्हणाला, "बांबू कोनं लावला? तूच ना?"

"हो," मी म्हटलं. रडू आवरत नव्हतं.

त्यानं खिशातली गुळाची पुडी चाचपून काढली. एक खडा लेकीच्या हातावर ठेवला. दुसरा हातात धरून त्यानं माझा हात शोधला, उघडला आणि त्यात ठेवला.

"हा उद्याचा," म्हणाला. "उद्या तोंडात धरजो."

मी तो तिथंच खाऊन टाकला.